मुदतवाढीचा हिशेब द्या: तीस दिवसांचा इशारा

मुंबई–गोवा महामार्गाच्या कागदांवर ज्यांच्या ज्यांच्या सह्या आहेत, त्या सर्वांसाठी हा जाहीर इशारा आहे. कंत्राटदार, त्यांचे डिझाइन सल्लागार, कामावर देखरेख ठेवणारे ‘अथॉरिटीज इंजिनिअर’, पनवेल ते इंदापूर टप्पा सांभाळणारे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि इंदापूरपासून झारापपर्यंतचा पट्टा सांभाळणारा सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग, यांपैकी कोणालाही वगळलेले नाही. खड्ड्यांविषयी आज काही बोलायचे नाही. त्यांच्यावरून आंदोलने झाली, विधानसभेत आवाज उठला, उच्च न्यायालयात याचिका झाल्या. प्रत्येक वेळी उत्तर म्हणून नवी तारीख मिळाली, आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात खडी-डांबराचा एक हात. नवी तारीख आता आम्हाला नको. मागच्या तारखांचा हिशेब हवा.

पहिल्या ८४ किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. २०२५ चा गणेशोत्सव येऊन गेला तरी महामार्ग पुरा झालेला नव्हता. या चौदा वर्षांत किती दिवस जमिनीच्या ताब्यात गेले, किती कर्नाळा अभयारण्याच्या परवानगीत, किती कंत्राटदाराकडे खेळते भांडवल नव्हते म्हणून, किती ड्रॉइंग उशिरा आले म्हणून आणि किती ते चुकीचे निघाले म्हणून, हे एका पानावर मांडून दाखवा. मांडता येत नसेल, तर मुदतवाढी कशाच्या आधारावर मंजूर केल्या ते सांगा. तिसरा पर्याय आम्ही ठेवलेला नाही.

दिवस मोजता येत नाहीत, अशी सबब तर सांगूच नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी बस आणि त्यांतली माणसे घेऊन. त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. महामार्ग हाच, खाते हेच, पाऊसही हाच. एक पूल म्हणजे साडेचारशे किलोमीटर नव्हेत, हे आम्हालाही कळते. तिथे भूसंपादनाचा घोळ नव्हता, कामाचा तुकडा आटोपशीर होता आणि दिल्लीपासून मुंबईपर्यंत सगळ्यांची नजर तिथे होती. पण १६५ हा आकडा तुम्हीच अभिमानाने छापलात. अभिमान वाटतो तेव्हा दिवस मोजता येतात. जबाबदारी येते तेव्हाच ते का मोजता येत नाहीत?

कोणत्याही सरकारी कामाच्या साइटवर एक वही ठेवायची असते. हिंडरन्स रजिस्टर म्हणतात तिला. अडथळा कोणता, कोणत्या तारखेला आला, कोणत्या तारखेला दूर झाला, दुसऱ्या अडथळ्याशी किती दिवस एकावर एक आले, ते वजा जाता निव्वळ दिवस किती, आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या सह्या. साधी वही आहे. ती रोजच्या रोज, निदान आठवड्याला लिहिली तर पुढचे निम्मे भांडण उभेच राहत नाही. पण होते काय? मुदत संपत आली की कंत्राटदाराचा अर्ज येतो, मग कपाटातून वही निघते आणि दोन वर्षांचे अडथळे एका बैठकीत, एका शाईत, एका हस्ताक्षरात लिहून होतात. महिनाअखेरीस सुरू होऊन महिनाअखेरीसच संपणारे अडथळे. निसर्ग आणि तलाठी इतके शिस्तीचे कधीपासून झाले?

आमच्यापैकी काहींनी नोकरीची सारी वर्षे याच कागदांत घालवली आहेत. कामाची मोजमाप-पुस्तिका (एमबी) आम्हाला वाचता येते, वेळापत्रकाचा बार चार्ट वाचता येतो, आणि कोणते पत्र मागची तारीख टाकून आवक-जावकमध्ये घुसवले आहे तेही ओळखता येते. म्हणून आधीच सांगून ठेवतो: बनवलेली वही देऊ नका. तिच्यापेक्षा कोरी वही परवडली.

आता इंजिनिअरिंगच्या विलंबाबद्दल, कारण लपवाछपवीला सर्वांत सोयीची जागा तीच आहे. जमीन मिळाली नाही हे गावाला दिसते. मशिनरी उभी आहे हेही दिसते. ड्रॉइंग कोणाच्या टेबलावर किती दिवस पडले, हे मात्र कोणालाच दिसत नाही. ईपीसी, म्हणजे डिझाइनपासून बांधकामापर्यंत सगळे एकाकडे सोपवणाऱ्या, कंत्राटात डिझाइन करण्याची जबाबदारी कंत्राटदाराची असते. त्याने ड्रॉइंग द्यायचे, अथॉरिटीज इंजिनिअरने साधारण १५ दिवसांत तपासून शेरे कळवायचे. कागदावर एवढे सोपे. प्रत्यक्षात पोचपावतीचा शिक्का मिळावा म्हणून अर्धवट ड्रॉइंग सादर होते. त्यात बोअरहोलचे निकाल नसतात, नाहीतर पायाचे गणित नसते. तिकडून तपासणारा सल्लागार, म्हणजे अथॉरिटीज इंजिनिअर, एकदाच सगळे शेरे देण्याऐवजी एका फेरीत एक, दुसऱ्या फेरीत दुसरा, असे चार फेऱ्यांत देतो. चार महिने जातात. कंत्राटदार म्हणतो मंजुरीला उशीर झाला, सल्लागार म्हणतो सादर करायला उशीर झाला. दोघांच्याही फायलीत पत्रे व्यवस्थित असतात. मुदतवाढ ‘डिझाइनच्या अंतिमीकरणास लागलेला वेळ’ या मोघम वाक्याखाली मंजूर होते आणि कोणाच्याच अंगाला काही लागत नाही.

हे वाक्य यापुढे चालणार नाही. प्रत्येक पुलाचे, प्रत्येक संरक्षक भिंतीचे, प्रत्येक कटिंगचे ड्रॉइंग पहिल्यांदा कधी दिले, ते पूर्ण होते का, शेरे कधी आले, सुधारित प्रत कधी गेली, आणि कामासाठी अंतिम ड्रॉइंग साइटवर कधी पोहोचले, या पाच गोष्टी तारखेनिशी हव्यात. त्या पत्रव्यवहारात आहेत. शोधायला एक कनिष्ठ अभियंता आणि एक आठवडा पुरेल.

चिपळूणचे उदाहरण घ्या. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले, वर उभे असलेले लाँचर घेऊन. कोणाचा जीव गेला नाही, ते नशीब. नंतर पुलाच्या आराखड्यात बदल करावा लागला. मग सरळ प्रश्न: त्या दिवसापासून नवा आराखडा मंजूर होईपर्यंत जे महिने गेले, ते कोणाच्या खात्यावर लिहिले? डिझाइन कंत्राटदाराचे, तपासणी सल्लागाराची, मान्यता खात्याची. हे दिवस ‘अपरिहार्य कारण’ म्हणून कोणत्याही मुदतवाढीत घातले असतील, तर तो कागद आम्हाला बघायचा आहे. घातले नसतील, तर दंड किती बसला आणि कोणत्या बिलातून वळता केला, तो आकडा बघायचा आहे.

परशुराम घाटाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, म्हणूनच त्याचे मोजमाप जास्त काटेकोर हवे. जमिनीच्या मोबदल्याचा वाद तिथे खरा होता. तो नाकारण्यात अर्थ नाही. जुलै २०२१ मध्ये पेढे गावावर दरड आली. २०२२ च्या उन्हाळ्यात डोंगर कापण्यासाठी घाट दिवसाचे काही तास बंद ठेवावा लागला आणि त्यानंतरही पावसाळ्यात दरडी येतच राहिल्या. कंत्राटदार म्हणेल, निसर्ग. आम्ही म्हणतो, कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, हे टेंडर भरताना ठाऊक नव्हते काय? पावसाळा ही आपत्ती नाही, ऋतू आहे. अपवादात्मक पाऊस म्हणायचे असेल तर त्या तालुक्याच्या मागच्या वीस-तीस वर्षांच्या नोंदींशी तो महिना ताडून दाखवावा लागतो. आणि जांभ्याखाली माती कशी आहे, खडकाचा उतार रस्त्याकडे झुकलेला आहे की उलट, हे डोंगराला जेसीबी लावण्याआधी तपासायचे असते. तपासले नसेल तर ती दरड निसर्गाची कमी आणि इंजिनिअरिंगची जास्त. काशेडी बोगद्यात २०२४ च्या पावसात पाणी गळू लागले, तेही याच हिशेबात घाला: दुरुस्तीचे दिवस आणि दुरुस्तीचा खर्च, दोन्ही.

विलंब झाला म्हणजे सगळा विलंब मोजला जातो, असेही नाही. ही गोष्ट कंत्राटदारांचे क्लेम तयार करून देणाऱ्यांना पक्की ठाऊक असते आणि आमच्या अधिकाऱ्यांना बहुधा नसते. समजा, एका पुलाच्या गर्डरचे ड्रॉइंग दोन महिने उशिरा मंजूर झाले. पण त्याच पुलाचा जोडरस्ता जमिनीअभावी आठ महिने अडकलेलाच होता. ड्रॉइंग वेळेवर आले असते तरी पूल वापरात आला नसता. म्हणजे त्या दोन महिन्यांनी कामाची शेवटची तारीख एका दिवसानेही पुढे सरकली नाही. जे काम रखडले की अख्खा प्रकल्प रखडतो, ती साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. विलंब त्या साखळीवरचा असेल तरच मोजायचा. ही साखळी कामाबरोबर जागा बदलते, म्हणून मूळ बार चार्ट दर महिन्याला अद्ययावत करावा लागतो. या महामार्गाच्या प्रत्येक पॅकेजचे अद्ययावत वेळापत्रक कुठे आहे? मूळ वेळापत्रकच एका कोपऱ्यात पिवळे पडले असेल, तर मुदतवाढ देणाऱ्याने कशावर बोट ठेवून दिवस ठरवले?

दुसरी मेख अशी की दोन्हीकडून एकाच काळात उशीर होतो. खात्याने जमीन दिली नाही, आणि त्याच महिन्यांत कंत्राटदाराचा काँक्रीटचा बॅचिंग प्लँटही उभा नव्हता. बांधकाम कायद्यातले जगभरचे जाणकार ज्या प्रोटोकॉलचा आधार घेतात (पहिली आवृत्ती २००२ ची, दुसरी २०१७ ची), त्यातला साधा संकेत असा आहे: अशा काळासाठी कंत्राटदाराला वेळ मिळतो, विलंबापोटी जादा पैसा मिळत नाही. आपल्याकडे नेमका याचा विसर पडतो. जमीन दिली नव्हती हे एकदा कबूल केले की रिकाम्या उभ्या डंपरचे भाडे, कार्यालयाचा खर्च, बुडालेला नफा, भाववाढ, सगळे त्यामागून येते. त्या डंपरची लॉगबुके मागा. डंपर त्या काळात दुसऱ्या जिल्ह्यातल्या साइटवर धावत होता का, ते डिझेलच्या पावत्या सांगतील.

इथे खात्याच्या अधिकाऱ्यांसाठी वेगळा इशारा. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याचे कलम ५५ पुन्हा एकदा वाचा. वेळ महत्त्वाची ठरलेल्या करारात उशिरा झालेले काम तुम्ही मुकाट्याने स्वीकारलेत आणि स्वीकारतानाच ‘नुकसानभरपाईचा हक्क राखून ठेवतो’ अशी नोटीस दिली नाही, तर पुढे त्या उशिराबद्दल भरपाई मागता येत नाही. म्हणजे तुमची गुळमुळीत, बिनअटीची मुदतवाढ हा जनतेच्या हक्कावर टाकलेला पडदा असतो. त्याच पडद्याआडून उद्या कंत्राटदार उलट दावा घेऊन येतो: मुदतवाढ तुम्हीच दिलीत, म्हणजे चूक तुमची, आता भरपाई द्या. ज्यांनी अशा मुदतवाढीवर सही केली, त्यांना निवृत्त झालो म्हणून सुटलो असे वाटत असेल तर तो गैरसमज दूर करावा. सही निवृत्त होत नाही.

कंत्राटदारांनाही स्पष्ट सांगतो. खरा क्लेम आम्हाला सलत नाही. जमीन उशिरा मिळाली, खात्याने ड्रॉइंग अडवले, बिले थकवली, तर भरपाई हा तुमचा हक्क आहे आणि ती वेळेत मिळाली पाहिजे. लहान कंत्राटदार थकलेल्या बिलांखाली कसे चिरडले जातात, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. पण सूत्रात आकडे भरून काढलेला क्लेम चालणार नाही. टेंडरमधला ओव्हरहेडचा टक्का घ्यायचा, कंत्राटाच्या रकमेने गुणायचा, मुदतीने भागायचा, विलंबाच्या दिवसांनी पुन्हा गुणायचा, की कोट्यवधींचा आकडा तयार. हडसन फॉर्म्युला तो हाच. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मॅकडरमॉट प्रकरणात अशा सूत्रांना मान्यता दिली, हे तुमचे वकील सांगतीलच. २०२३ मध्ये बाटलीबॉय विरुद्ध हिंदुस्थान पेट्रोलियम या प्रकरणात त्याच न्यायालयाने काय केले, तेही विचारा. हिशेब आणि कारणे न देता भरपाई ठरवणारा लवादाचा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे कायम ठेवले. नुकसान खरोखर झाले, हे दाखवावे लागते. नोटीसही वेळेत द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय ‘फिडिक’ करारांत घटना कळल्यापासून २८ दिवसांची मर्यादा आहे, आपल्या करारांतही अशा मर्यादा आहेत. चार वर्षांनी आठवलेला अडथळा हा अडथळा नसतो.

साध्या कागदाची किंमत किती होऊ शकते, हे दिल्लीने पाहिले आहे. विमानतळ मेट्रो २०११ मध्ये सुरू झाली, जुलै २०१२ मध्ये गर्डर आणि बेअरिंगमधल्या दोषांमुळे बंद पडली. चालवणाऱ्या खासगी कंपनीने दोष ९० दिवसांत दूर करा अशी नोटीस दिली आणि मुदत संपताच करार संपवला. २०१७ मध्ये लवादाने तिच्या बाजूने सुमारे २,७८२ कोटी रुपयांचा निवाडा दिला. व्याज धरून तो हजारो कोटींनी फुगत गेला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि १० एप्रिल २०२४ रोजी क्युरेटिव्ह याचिकेत त्याच न्यायालयाने तो रद्द केला. अख्खी लढाई एका तांत्रिक प्रश्नाभोवती: दोष मुदतीत दूर झाले होते का? आणि शेवटी पारडे फिरले ते मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी गाडी पुन्हा चालवायला दिलेल्या प्रमाणपत्रामुळे, ज्याकडे लवादाने पाहिलेच नाही असे न्यायालयाने म्हटले. बारा वर्षे आणि हजारो कोटी रुपये एका इंजिनिअरिंग कागदावर लोंबकळत होते. आमच्या महामार्गावर असे किती कागद आहेत आणि किती हरवले आहेत?

हिशेब मागितलाच नाही तर काय होते, हे मुंबईत दिसले. अंधेरीचा गोखले पूल फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्धा खुला झाला, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा तो उंच निघाला. रेल्वेच्या बदललेल्या निकषांमुळे, असे सांगण्यात आले. जुना उड्डाणपूल उचलून जुळवेपर्यंत जुलै उजाडला. त्या महिन्यांचा हिशेब मुंबईकरांनी विनोद करून सोडून दिला. आम्ही सोडणार नाही.

क्लेम मिटवण्याचे आणखी एक दार आहे, तिकडेही आमचे लक्ष आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जून २०२४ मध्ये सूचना काढली की सरकारी कंत्राटांत लवादाची तरतूद साधारणपणे १० कोटी रुपयांखालच्या वादांपुरतीच असावी. मोठ्या वादांत मध्यस्थी, तडजोड किंवा न्यायालय. लवादाच्या खर्चाला कंटाळून हे केले असेल. पण तडजोडीच्या खोलीत आम्ही नसतो, आणि विलंबाचे विश्लेषण नसेल तर तिथे दोन आकड्यांच्या मधला आकडा ठरतो. क्लेम जितका फुगवलेला, मधला आकडा तितका मोठा. म्हणून या महामार्गाच्या कोणत्याही पॅकेजमधली तडजोड दिवसांचा तक्ता जाहीर केल्याशिवाय झाली, तर तिला आव्हान दिले जाईल.

आता मुदत. हा इशारा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत प्राधिकरणाने आणि बांधकाम खात्याने आपापल्या संकेतस्थळांवर पॅकेजनिहाय माहिती मराठीत ठेवावी: मूळ वेळापत्रक आणि शेवटचे अद्ययावत वेळापत्रक, हिंडरन्स रजिस्टरची स्कॅन प्रत, ड्रॉइंगच्या तारखांचा तक्ता, आजवरच्या प्रत्येक मुदतवाढीचा आदेश आणि त्यामागचे विश्लेषण, बसवलेला व वसूल केलेला दंड, आलेले क्लेम, दिलेली रक्कम आणि प्रलंबित रक्कम. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे यातले बरेच न मागताच जाहीर करणे तुमचे कर्तव्य आहे. व्यापारी गुपिताची ढाल पुढे करू नका. व्यापक जनहित असेल तर ती ढाल कलम ८ मध्येच खाली ठेवलेली आहे. आणि याच ३० दिवसांत एकही नवी मुदतवाढ कलम ५५ चा हक्क राखून न ठेवता दिली जाऊ नये.

मुदत संपल्यावर काय होईल, तेही आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी अचानक गाठले म्हणू नये. रास्ता रोको होणार नाही. त्याने आमचीच माणसे अडकतात. एकतिसाव्या दिवशी प्रत्येक पॅकेजसाठी माहिती अधिकाराचे स्वतंत्र अर्ज एकाच वेळी दाखल होतील. त्यांत ‘रस्ता कधी होणार’ हा प्रश्न नसेल. मुदतवाढीच्या अमुक आदेशात अमुक दिवस कोणत्या नोंदीवरून धरले, असे प्रश्न असतील. उत्तर आले नाही तर पहिले अपील, मग आयोग. उत्तर खोटे आले तर तोच कागद लोकायुक्तांकडे आणि महालेखापालांच्या लेखापरीक्षकांकडे जाईल, आणि उच्च न्यायालयात जोडपत्र म्हणून लागेल. अर्जांचे मसुदे तयार आहेत. प्रत्येक अर्जात मुदतवाढीवर सही करणाऱ्याचे पद आणि सहीची तारीख लिहिलेली आहे. रिकामी ठेवली आहे ती फक्त दिवसांची जागा. ती तुम्ही भरायची आहे.